कोठीच्या भरवशावर

चातुर्मास लागला की आपल्या समाजातील घराघरांत एक प्रश्न तिथीगणिक डोके वर काढतो: आज भाजी कशाची? अष्टमी आणि चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. काही घरांत बीज, पंचमी आणि एकादशीही पाळली जाते. कंदमुळांना तर बारमाही रजा. ज्या घरातील वडीलधारी स्त्री कोठीत जाऊन दोन मिनिटांत या प्रश्नाचे उत्तर हातात घेऊन बाहेर येते, त्या घरात हा प्रश्न फार काळ टिकत नाही. जेथे कोठीच उरलेली नाही, तेथे मात्र तयार पाकिटांकडे किंवा मोबाइलवरून मागविलेल्या डब्याकडे हात जातो. जमाखर्चाच्या वहीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने स्वयंपाकघरात डोकावू नये, असे काही भगिनींना वाटेल. परंतु घराच्या अर्थव्यवस्थेचा पाया जर कोठे असेल तर तो कोठीतच आहे. म्हणून या महिन्याचा लेख कोठीसाठी.

कोठीच्या या स्वयंपाकाला इटलीत ‘कुचिना पोव्हेरा’ असे नाव आहे. शब्दशः अर्थ पाहिला तर गरिबाचा स्वयंपाक. तेथील शेतकऱ्याच्या घरी कडधान्ये, पीठ, ऑलिव्हचे तेल, वाळवलेले टोमॅटो आणि कालपरवाचा पाव एवढाच ऐवज असे. त्यातून त्याच्या बायकोने शेकडो पदार्थ निर्माण केले. टस्कनी प्रांतातील ‘रिबोलिता’ म्हणजे पुन्हा उकळलेले. आदल्या दिवशीचे घेवड्याच्या वाळल्या दाण्यांचे आणि पालेभाजीचे सार, त्यात कडक झालेला पाव घालून दुसऱ्या दिवशी परत उकळायचे. दक्षिण इटलीत ज्याला चीज परवडत नसे, तो पावाचा चुरा तेलावर परतून शेवयांवर पेरीत असे. आज हेच पदार्थ मोठमोठ्या शहरांतील हॉटेलांत भारी दराने विकले जातात आणि आपली मुले ते हौसेने खातात. त्यात वावगे काही नाही. फक्त त्या ताटाचे सख्खे भावंड आपल्याच घरात उपेक्षित पडून आहे, याकडे त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

हे नाते किती जवळचे आहे ते पाहा. सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात ‘पानेल्ले’ नावाचा पदार्थ रस्तोरस्ती मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात घोटून शिजवायचे, पसरून थंड करायचे, वड्या कापायच्या आणि तळायच्या. तळण वगळले तर ही आपली वऱ्हाडातील पाटवडीच. उत्तरेकडील जिनोव्हा परिसरात बेसन, पाणी आणि तेल यांचे पातळ मिश्रण थाळीत ओतून भट्टीत भाजतात. त्याला ‘फरिनाता’ म्हणतात. आपण तेच तव्यावर घालतो आणि धिरडे म्हणतो. हरभरे आणि शेवयांचे तुकडे एकत्र शिजवून होणारी ‘पास्ता ए चेची’ पाहिली की वरणफळांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. धान्य आणि कडधान्य एका भांड्यात शिजवावे, वेगळी भाजी लागू नये, इंधन वाचावे आणि पोट भरावे, ही गरज दोन्हीकडे सारखी होती. त्यामुळे एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या गृहिणींनी एकसारखी उत्तरे शोधली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील जैन घरांत तर दोन कोठ्या एकत्र आल्या आहेत. एक मारवाडातून आलेली आणि दुसरी वऱ्हाडच्या मातीतील. मारवाड हा वाळवंटी मुलूख. हिरवा पाला तेथे वर्षातून थोडेच दिवस दिसे. म्हणून कैर-सांगरी वाळवून ठेवणे, मुगाच्या डाळीच्या मंगोड्या घालणे, बेसनाचे गट्टे करणे, पापडाचीच भाजी करणे, या युक्त्या तेथे जन्मल्या. पोटापाण्यासाठी मलकापूर, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा अशा बाजारपेठांत येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी त्या युक्त्या बरोबर आणल्या. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठीभाषक जैन घरांत पिठले, डुबुकवडे, गोळाभात, सांडगे, खारोड्या आणि कुरडया होत्याच. घाटाखाली खानदेशाचा शेजार, म्हणून तेथे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. घाटावर मराठवाड्याचा वारा. शेजारणींनी एकमेकींच्या अंगणात वाळवणे घालता घालता हे सारे एकमेकींना दिले. आज एखाद्या ओसवाल घरात सांडग्यांची भाजी आणि एखाद्या सैतवाल घरात गट्टे सहज दिसतात. दाल-ढोकळी आणि वरणफळे यांपैकी कोणती कोणाची, हे सांगणेही आता अवघड आहे.

या कोठीतील सर्वांत नाजूक कला म्हणजे हाताने वळलेले गव्हाचे प्रकार. आपण पास्त्याचे नाना आकार पाहून थक्क होतो. पण लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे गव्हले, नखुल्या, मालत्या आणि फेणुल्या हे दुसरे काय आहे? आपल्याकडचे सरगुंडे तर विशेष उल्लेखनीय. गव्हाच्या घट्ट भिजवलेल्या पिठाची बारीक लांब दोरी वळायची, ती काडीभोवती गुंडाळायची आणि अलगद काढून घ्यायची. मग वाफवून आंब्याच्या रसाबरोबर किंवा गुळवणीबरोबर वाढायचे. आतून पोकळ असल्यामुळे रस आतपर्यंत शिरतो. इटलीतील कारागीर ज्या हेतूने पास्ता पोकळ करतो, त्याच हेतूने वऱ्हाडातील सासूबाईंनी काडी हातात घेतली होती. फरक एवढाच की तेथील आकारांची नावे आणि कृती पुस्तकांत नोंदल्या गेल्या. येथे सरगुंडे करणारे हात थकत चालले आहेत आणि त्यांच्या शेजारी शिकण्यासाठी बसलेले कोणी नाही.

इतके साम्य असूनही एका महत्त्वाच्या बाबतीत आपली वाट निराळी आहे. इटालियन गृहिणीचे सारे कौशल्य उरलेल्या अन्नाभोवती फिरते. कालचा पाव, कालचे सार. आपल्याकडे रात्र ओलांडलेले ओलसर अन्न बासी म्हणून वर्ज्य. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे आणि मागे काही उरवायचे नाही. म्हणजे उरल्यावर काय करावे हा विचार तिचा, तर उरूच नये हा विचार आपला. त्यासाठी आपल्या आया-आज्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, मोजून शिजवणे. घरातील माणसे आणि त्या दिवशीचे उपवास-एकासणे विचारल्याखेरीज भांड्यात डाळ पडत नसे. दुसरी, पोळी ताजी असतानाच मंद तव्यावर दाबून तिचा खाखरा करणे. ओलावा गेला की ती टिकते आणि प्रवासातही चालते. तिसरी, ताट धुऊन ते पाणी पिणे. या तिसऱ्या रीतीला नव्या पिढीतील काही मुले हसतात. परंतु अन्नाचा कणही वाया जाऊ नये आणि ओल्या खरकट्यात जीवोत्पत्ती होऊ नये, हे दोन्ही हेतू त्या एका घोटात साधतात. जगभर वाया जाणाऱ्या अन्नाविषयी आज मोठमोठ्या परिषदा भरतात. आपल्या ताटाने तो विषय केव्हाच निकालात काढला आहे.

कोठी म्हणजे केवळ साठा नव्हे; साठ्याची शिस्तही तिच्यात आली. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली आहे. हा नियम व्यवहारालाही धरून आहे. धान्य अखंड असते तोवर त्याचे टरफल त्याचे रक्षण करते; दळले की त्यातील स्निग्धांश हवेशी भिडतो, पावसाळी दमट हवेत पीठ लवकर खवट होते आणि त्यात अळी पडते. म्हणून वर्षाचे धान्य भरावे, पण दळण थोडके आणावे. गहू कडक उन्हात वाळवून, चाळून, कोरड्या कोठीत कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह भरावा. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात द्यावा. पापड, मंगोड्या आणि सांडगे पावसाळ्यापूर्वी पुन्हा एकदा ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावेत. बुरशी आलेला जिन्नस कोणत्याही परंपरेत खाण्यास योग्य नाही आणि आरोग्यालाही तो घातक आहे. सुकवलेली भाजी तिथीला चालते की नाही, याविषयी घरोघरी निरनिराळी रीत आहे. ज्याने त्याने आपल्या घरची मर्यादा पाळावी.

कोठीच्या स्वयंपाकाची खरी कसोटी आयंबिलाच्या ओळीत लागते. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील त्या नऊ दिवसांत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण वर्ज्य, भाजीही वर्ज्य. उरते ते धान्य, कडधान्य, पाणी आणि मीठ. एवढ्यावर दिवसातून एकदाच जेवायचे. तरीही आयंबील खात्यात तपस्व्यांना रोज वेगळे काही वाढता यावे म्हणून स्वयंपाकी किती कल्पकता दाखवितात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना साधेपणा म्हणजे नीरसपणा असे कधी वाटणार नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला कर्तव्य वाटते. साध्या अन्नाची थोरवी गाताना गरिबीची थोरवी गाऊ नये. ज्या इटलीच्या शेतकऱ्याचे आपण आज कौतुक करतो, त्याच देशाच्या उत्तर भागात १८ व्या आणि १९ व्या शतकांत हजारो गरीब माणसे पेलाग्रा नावाच्या रोगाने खंगून मेली. अमेरिका खंडातून आलेला मका तेथे स्वस्त झाला आणि शेतमजूर वर्षानुवर्षे मक्याच्या पिठाच्या घट्ट खिरीवर, म्हणजे पोलेंतावर, दिवस काढू लागले. त्यातून नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव निर्माण झाली. गंमत अशी की मका ज्यांचा मूळचा, ते मेक्सिकोतील लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच दळीत. त्यामुळे त्यातील नायसिन शरीराला मिळे. युरोपने मका घेतला, पण त्याची रीत घेतली नाही. आपणही दूर नाही. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधील केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हाच रोग अभ्यासला. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी ज्यांना आठवते, ते काटकसर आणि उपासमार यांत कधी गल्लत करणार नाहीत. काटकसर माणूस स्वखुशीने स्वीकारतो. उपासमार त्याच्यावर लादली जाते.

म्हणून कोठीचा पहिला नियम असा की धान्याबरोबर डाळ असलीच पाहिजे. गहू-तांदळात लायसिन हे अमायनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात अधिक. दोन्ही एका ताटात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. दुसरा नियम, तिथी नसेल त्या दिवशी ताजी भाजी आणि फळ आवर्जून घ्यावे. कोठी भाजीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही. वाढत्या वयाची मुले, गर्भवती सुना आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर हे विशेष लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांच्या वरणफळांसाठी १५० ग्रॅम तुरीची डाळ मऊ शिजवून, घोटून चांगली पातळ करावी. २५० ग्रॅम कणकेत मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल घालून ती घट्ट भिजवावी. तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि सुकी लाल मिरची यांची फोडणी करून डाळ त्यात ओतावी. आमसूल किंवा चिंच, थोडा गूळ आणि सुंठेची चिमूट घालावी. डाळ खळखळून उकळू लागली की पोळी लाटून, शंकरपाळ्यांसारख्या कापून, एकेक फळ त्यात सोडावे. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात. वरून साजूक तूप. ना कांदा, ना लसूण, ना हिरवे पान. डाळीत शेकडा सुमारे २२ आणि गव्हात शेकडा सुमारे ११ प्रथिने धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने १५ ग्रॅम प्रथिने येतात. भांडे एक, शेगडी एक, आणि बाजारात जाण्याची गरज नाही.

गट्ट्यांच्या भाजीत मात्र एक पथ्य आहे. कच्चे दही आणि बेसन एकत्र आले की द्विदल होते, म्हणून दही आधी स्वतंत्रपणे चांगले तापवून घ्यावे. ते फुटू नये यासाठी त्यात चमचाभर तांदळाचे पीठ कालवावे आणि एकसारखे ढवळत राहावे. बेसन तेल, मीठ, ओवा आणि पाणी घालून घट्ट मळावे, त्याच्या बोटाएवढ्या जाड वळ्या उकळत्या पाण्यात शिजवाव्यात आणि तुकडे करून त्या तापलेल्या दह्याच्या रश्श्यात सोडाव्यात. गट्टे शिजवलेले पाणी टाकू नये. रस्सा पातळ करण्यास तेच वापरावे. एवढ्या लहान गोष्टीतही जुन्या स्वयंपाकाची नजर दिसते.

बँकेत असताना शेतीकर्जाचे अर्ज तपासणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. अर्जात जमीन, विहीर, बैलजोडी, मोटारपंप यांची नोंद असे. घरातील स्त्रीने भरून ठेवलेली कोठी आणि वाळवणांचे डबे यांना कोणताच रकाना नव्हता. तरी गावोगावी हिंडताना एक गोष्ट ध्यानात येई. ज्या घरात वर्षाचे धान्य आणि डाळ भरलेली असे, ते घर पावसाने ओढ दिली तरी महिनाभरात उसनवारीला लागत नसे. आणि ज्या घरात पेरणीनंतर पीठही दुकानातून येई, तेथे पहिला धक्काच मोठा बसे. आता जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा वाढला आणि ज्वारीचा घटला. सोयाबीन सारे बाजारात जाते आणि शेतकरी स्वतःच भाकरीचे पीठ विकत आणतो. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. परंतु ज्वारी ताटात परत यायची तर आधी ती घराच्या कोठीत परत आली पाहिजे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा भरलेल्या कोठीचे मोल सर्वांनीच अनुभवले. नंतर आपण ते लवकर विसरलो.

या हातांच्या कौशल्याची किंमत होऊ शकते याचा दाखलाही आहे. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच लिज्जत पापड हा हजारो स्त्रियांचा उद्योग उभा राहिला. आपल्या जिल्ह्यातील बचत गटांच्या भगिनीही पापड, कुरडया, शेवया विकतात. ज्या घरांत वाळवण घालण्यास आता अंगण नाही किंवा वेळ नाही, त्यांनी निदान ते पैसे या भगिनींच्या हाती जातील असे पाहावे. परंतु विकत घेताना कृतीही विचारून घ्यावी.

शेवटी पुन्हा एकदा इटलीकडे वळतो. पेलेग्रिनो आर्तुझी हा फ्लॉरेन्स शहरातील रेशमाचा व्यापारी. व्यापारातून निवृत्त झाल्यावर त्याने पाककृतींचे पुस्तक लिहिले आणि १८९१ साली, वयाच्या सत्तरीनंतर, स्वतःच्या खर्चाने छापले. त्याचे पुस्तक मुख्यतः मध्यमवर्गासाठी होते. पण पुढे देशभरातील गृहिणी त्याला पत्रांतून आपापल्या घरच्या कृती कळवू लागल्या आणि आवृत्तीगणिक ते फुगत गेले. आज इटलीत ते घरोघरी आढळते. एका निवृत्त माणसाला जे जमले ते आपल्या समाजात अनेकांना जमण्यासारखे आहे. स्वयंपाक येत नसला तरी वही आणि लेखणी तर धरता येते.

म्हणून या चातुर्मासात एक काम हाती घ्यावे अशी विनंती आहे. घरात किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेल्या काकू, मामी, आजी असतील त्यांच्याजवळ एखाद्या दुपारी बसावे. सांडग्यांचे पीठ किती भरडे, मंगोड्यांना ऊन किती दिवस, सरगुंड्यांची काडी कशाची, तिथीला त्यांच्या माहेरी काय शिजे, हे विचारून मापांसह लिहून घ्यावे. सुनांनी लिहावे, मुलांनीही लिहावे. त्यातील निवडक कृती संपादकांच्या संमतीने या सदरात क्रमाने देता येतील. आणि येत्या अष्टमीला बाजारातील पाकीट न उघडता कोठी उघडावी. चार माणसांना पुरेल एवढी डाळ, अडीचशे ग्रॅम कणीक आणि चिमूटभर हिंग एवढे तर प्रत्येक घरात निघेलच.